शेजारच्या संख्येची साक्ष



ज्या गणितशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात नुसत्या उत्तराला अर्धेच गुण मिळत. उरलेले अर्धे ‘हे कशावरून?’ या प्रश्नाच्या उत्तराला असत. त्यांचे अनेक विद्यार्थी आज समोर बसले आहेत. म्हणून विषय निवडताना मी ठरवले की एकच विधान घ्यायचे आणि ते खरे कशावरून, हे जमेल तितके शेवटापर्यंत सांगायचे. विधान असे आहे:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही मूळ संख्या आहे.

एकोणचाळीस अंकांची ही संख्या. एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. लिहायला लांबलचक असली तरी तिची ओळख सोपी आहे: दोनाला दोनाने गुणत जा, १२७ वेळा दोन घ्या आणि आलेल्या गुणाकारातून एक वजा करा. आजच्या व्याख्यानात मी तिला ‘आपली संख्या’ म्हणेन. ती मूळ आहे हे एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली सिद्ध केले. तेव्हा संगणक नव्हता. हाताने केलेल्या आकडेमोडीने जिचे मूळपण सिद्ध झाले, अशी तिच्याहून मोठी संख्या आजवर नाही.

शाळेत आपण मूळ संख्या कशा ओळखतो? ९७ मूळ आहे का, असे विचारले की २, ३, ५, ७ ने भागून पाहतो. दहापर्यंत पाहिले की पुरे, कारण दहा गुणिले दहा शंभर होतात आणि ९७ शंभराच्या आत आहे. आपल्या संख्येला हीच रीत लावायची तर तिच्या वर्गमुळापर्यंत जावे लागेल आणि ते वर्गमूळ वीस अंकी आहे. एका सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणारे यंत्र घेतले आणि फक्त विषम संख्यांनी भागत गेलो, तरी दोनशेहून अधिक वर्षे लागतील. थोडी काटकसर करता येते. आपल्या संख्येला एखादा मूळ विभाजक असलाच, तर त्याला २५४ ने भागल्यावर बाकी एकच उरली पाहिजे, हे फर्मा आणि ऑयलर यांच्या विचारांतून कळते. ऑयलरने याच युक्तीने दोनाचा ३१ वा घात उणे एक, म्हणजे २१४७४८३६४७, ही संख्या मूळ असल्याचे १७७२ साली दाखवले. पण ती दहा अंकी होती. आपल्या संख्येपुढे, हाताने भागत जायचे तर, ही काटकसरही माणसाच्या आयुष्याला पुरत नाही.

म्हणजे लुकासने भागून पाहिले नाही. मग त्याने काय केले? माझ्या मते अंकगणितातल्या सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी एक तिथे आहे, आणि तो समजायला मराठी कवितेच्या मात्रा मोजता येणे पुरेसे आहे.

त्याआधी ही संख्या चर्चेत कशी आली ते थोडक्यात सांगतो. मारँ मर्सेन हा पॅरिसचा एक धर्मगुरू. सतराव्या शतकात युरोपातल्या गणितज्ञांची पत्रे याच्यामार्फत एकमेकांकडे जात. त्याने १६४४ साली एक यादी छापली. दोनाच्या कोणत्या घातातून एक वजा केला की मूळ संख्या मिळते, त्या घातांकांची ही यादी होती: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. पुरावा दिलेला नव्हता. पुढे उघड झाले की ६७ आणि २५७ यादीत असायला नको होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. १२७ मात्र बरोबर निघाला. पण १८७६ पर्यंत ते कोणाला माहीत नव्हते, आणि पुराव्याशिवायचे बरोबर उत्तर गणितात अर्धेच असते.

लुकासचा जन्म १८४२ सालचा, आम्याँ गावचा. पॅरिसच्या वेधशाळेत त्याने काम केले, फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्यात अधिकारी होता आणि नंतर शाळांमधून गणित शिकवत राहिला. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्यांचा ‘हनोईचा मनोरा’ हा खेळ त्याने १८८३ मध्ये काढला. त्या खेळाभोवती काशीच्या मंदिरातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची कथाही लवकरच गुंफली गेली. त्या खेळात १२७ चकत्या घेतल्या, तर मनोरा हलवायला कमीत कमी जितक्या खेळी लागतील, तितकीच आपली संख्या आहे. पण आपल्या कामाचा लुकास वेगळा आहे. १, १, २, ३, ५, ८, १३, २१ या मालिकेला फिबोनाचीचे नाव रूढ करणारा तो हाच. या मालिकेत पुढचे प्रत्येक पद मागच्या दोन पदांची बेरीज असते.

इथे मात्रा येतात. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. सात मात्रांची ओळ लघू-गुरूंच्या किती वेगवेगळ्या रचनांनी भरता येईल? शेवटचे अक्षर लघू असेल तर आधीच्या सहा मात्रा हव्या तशा भरा, गुरू असेल तर आधीच्या पाच. म्हणजे सात मात्रांच्या रचना या सहा आणि पाच मात्रांच्या रचनांची बेरीज. एका मात्रेची रचना १, दोन मात्रांच्या २, तीन मात्रांच्या ३, मग ५, ८, १३, आणि सात मात्रांच्या २१. हा नियम विरहांकाने प्राकृत छंदांवरच्या ग्रंथात सांगितला होता आणि हेमचंद्राने बाराव्या शतकाच्या मध्याला तो पुन्हा मांडला. पिसाच्या लिओनार्दोचे, म्हणजे फिबोनाचीचे, पुस्तक १२०२ सालचे आहे.

आता एक गोष्ट पाहा. तीन मात्रांच्या रचना ३, त्यांना तिनाने भाग जातो. सात मात्रांच्या २१, त्यांना साताने भाग जातो. तेरा मात्रांच्या ३७७, म्हणजे १३ गुणिले २९. सतरा मात्रांच्या २५८४, म्हणजे १७ गुणिले १५२. हा योगायोग नाही. ज्या मूळ संख्येच्या शेवटी ३ किंवा ७ आहे, तितक्या मात्रांच्या रचनांची संख्या त्याच मूळ संख्येने निःशेष भागली जाते, हे सिद्ध झालेले प्रमेय आहे. आपल्या संख्येचा शेवटचा अंक ७ आहे. म्हणून ती मूळ असेल, तर तितक्या मात्रांच्या रचनांना तिने भाग गेलाच पाहिजे. भाग जात नाही असे आढळले, तर ती मूळ नाही, हे तिचा एकही अवयव न शोधता कळेल.

आणि भाग गेला तर? तेवढ्यावर विश्वास ठेवता येत नाही. ३२३ ही संख्या घ्या. ती १७ गुणिले १९ आहे, म्हणजे मूळ नाही. तरी ३२३ मात्रांच्या रचनांच्या संख्येला ३२३ ने निःशेष भाग जातो. तिचा शेवटचा अंकही ३. कसोटी उत्तीर्ण, पण संख्या संयुक्त. अशा संख्या थोड्या असल्या तरी आहेत. कसोटी अपुरी पडण्याचे कारण शोधताना लुकासच्या विचाराचा गाभा सापडतो, म्हणून इथे थोडे थांबू.

मालिकेला अगदी आधी आणखी एक १ जोडू. शून्य मात्रांची रचना एकच: काहीही न म्हणणे. तर पहिले पद १ (शून्य मात्रा), दुसरे १ (एक मात्रा), तिसरे २, चौथे ३, पाचवे ५, सहावे ८, सातवे १३, आठवे २१. मात्रांपेक्षा पदाचा क्रमांक एकाने जास्त. आता तिनाने भागली जाणारी पदे पाहा: चौथे, आठवे, बारावे, सोळावे. दर चार पदांनी तीन परत येतो, मध्ये कधीच नाही. दोन दर तीन पदांनी येतो. सात दर आठ पदांनी. अकरा दर दहा पदांनी, तेरा दर सात पदांनी. प्रत्येक मूळ संख्येचा असा ठरलेला टप्पा असतो आणि तिच्या टप्प्याच्या पटीतल्या पदांनाच तिने भाग जातो. या टप्प्याबद्दल एक गोष्ट पक्की आहे: कोणत्याही मूळ संख्येचा टप्पा तिच्यापेक्षा फार तर एकाने मोठा असू शकतो, त्याहून मोठा कधीच नाही. तिनाचा टप्पा ४, साताचा ८, ही त्या मर्यादेची टोके.

३२३ कशी निसटली ते आता दिसते. सतराचा टप्पा ९ आहे, एकोणिसाचा १८. दोघांच्याही पटीत येणारे पद ३२४ वे आहे, कारण ३२४ म्हणजे १८ गुणिले १८. दोन लहान टप्पे एका मोठ्या पदावर एकत्र पोचले आणि मोठ्या टप्प्याचा भास झाला.

हा भास आपल्या संख्येच्या बाबतीत कसा टाळायचा? आपली संख्या म्हणजे दोनाचा १२७ वा घात उणे एक. तिच्यात एक मिळवला की तिचा वरचा शेजारी मिळतो: दोनाचा १२७ वा घात. आपण जे पद तपासतो त्याचा क्रमांक हाच शेजारी आहे. आणि या शेजाऱ्याचे सगळे अवयव आपल्याला माहीत आहेत, कारण तो दोनांनीच बनला आहे. त्याचे विभाजक म्हणजे १, २, ४, ८ असे दोनाचे घात, दुसरे काही नाही.

समजा, आपल्या संख्येला एक मूळ अवयव आहे. त्याला ‘क’ म्हणू. लुकासला दोन गोष्टी दाखवायच्या होत्या. एक, शेजाऱ्याच्या क्रमांकाच्या पदाला आपल्या संख्येने भाग जातो. म्हणजे क नेही जातो. दुसरी, त्याच्या बरोबर निम्म्या क्रमांकाच्या, म्हणजे दोनाच्या १२६ व्या घाताच्या पदाला क ने भाग जात नाही. पहिल्या गोष्टीवरून क चा टप्पा दोनाच्या १२७ व्या घाताचा विभाजक ठरतो, म्हणजे दोनाचा कुठला तरी घात. दुसरीवरून तो दोनाच्या १२६ व्या घाताचा विभाजक नाही. मग उरते एकच शक्यता: क चा टप्पा पूर्ण दोनाचा १२७ वा घात आहे. पण टप्पा मूळ संख्येपेक्षा फार तर एकाने मोठा असतो. म्हणून क हा दोनाचा १२७ वा घात उणे एक, किंवा त्याहून मोठा. म्हणजेच क ही आपली संख्याच. तिचा जो मूळ अवयव घ्यावा, तो ती स्वतःच निघतो. ती मूळ आहे.

श्रोतेहो, या युक्तिवादात आपल्या संख्येला एकदाही कोणत्या संख्येने भागलेले नाही. तिच्या आत काय आहे हे आपण पाहिले नाही. तिच्या शेजारी कोण आहे हे पाहिले, आणि तो शेजारी पूर्ण उघड असल्याने तिच्याविषयी शंका उरली नाही. मोठी संख्या अभ्यासायची म्हणजे तिच्या आकाराशी झगडायचे, असे आपल्याला वाटते. लुकासने दाखवले की ती संख्या कोणत्या घडणीतून आली आणि तिच्या एक पाऊल पुढे वा मागे काय आहे, याला जास्त महत्त्व आहे. आज रात्री मला सांगायची गोष्ट हीच आहे.

आता हिशेबाकडे येतो. दोनाच्या १२७ व्या घाताच्या क्रमांकाचे पद मिळवायचे तर बेरजा करत जाणे शक्य नाही. तितक्या बेरजा म्हणजे पुन्हा आपल्या संख्येइतकी पावले. इथे लुकासने त्याच नियमाची दुसरी मालिका जोडीला घेतली: १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७. आज तिला लुकासचेच नाव आहे. पहिल्या मालिकेचे दुप्पट क्रमांकाचे पद हे निम्म्या क्रमांकाच्या दोन्ही मालिकांतल्या पदांचा गुणाकार असते. आठवे पद २१ म्हणजे चौथे पद ३ गुणिले दुसऱ्या मालिकेचे चौथे पद ७. सोळावे पद ९८७ म्हणजे २१ गुणिले ४७. त्या दोन पदांना दोनाखेरीज समान मूळ अवयव कधीच नसतो. म्हणून लुकासच्या मालिकेतल्या दोनाच्या १२६ व्या घाताच्या पदाला आपल्या संख्येने भाग जातो, एवढे दाखवले की वरच्या दोन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात.

आणि त्या पदापर्यंत उड्या मारत जाता येते. लुकासच्या मालिकेचे दुसरे पद ३. त्याचा वर्ग करून दोन वजा केले की ७, हे चौथे पद. ७ चा वर्ग ४९, उणे दोन, ४७: आठवे पद. ४७ चा वर्ग २२०९, उणे दोन, २२०७: सोळावे पद. प्रत्येक वर्गाला क्रमांक दुप्पट होतो. दोनाच्या १२६ व्या घातापर्यंत पोचायला फक्त १२५ वर्ग लागतात. ज्या वाटेवर पावले मोजली तर विश्वाच्या वयाएवढा काळ अपुरा पडेल, ती वाट १२५ उड्यांत संपते.

दुपटीने झेप घेण्याची ही रीत पाहून मला नेहमी पिंगलाची आठवण होते. त्याच्या छंदःसूत्रांत लघू-गुरूंच्या एकूण प्रस्तारांची संख्या, म्हणजे दोनाचा हवा तो घात, काढायला संख्या निम्मी करत जाऊन मग वर्ग आणि दुप्पट करत परत येण्याची कृती दिली आहे. लुकासला पिंगल किंवा हेमचंद्र ठाऊक होते, असे मी म्हणत नाही. छंदशास्त्रकारांना मूळ संख्यांशी कर्तव्य नव्हते आणि त्यांना ते चिकटवणे म्हणजे त्यांच्या खऱ्या कामाचा अपमान होईल. त्यांनी रचना मोजल्या आणि मोजण्याच्या रीती निर्दोष सांगितल्या. सातशे वर्षांनी त्याच मालिकेतून एका माणसाने अवयवांची गोष्ट वाचली. गणितात असे होते, आणि त्यासाठी कोणी कोणाचे ऋण लपवण्याची किंवा फुगवून सांगण्याची गरज नाही.

एक छोटे उदाहरण करून पाहू, म्हणजे रीत हाताला लागेल. आपल्या संख्येची धाकटी बहीण म्हणजे दोनाचा सातवा घात उणे एक: १२७. सुरुवात ३. मग ७. मग ४७. मग २२०७, पण आपल्याला १२७ ने भाग जातो का एवढेच पाहायचे आहे, म्हणून दर वेळी बाकी ठेवली तरी चालते. २२०७ ला १२७ ने भागून बाकी ४८. तिचा वर्ग २३०४, उणे दोन, २३०२, बाकी १६. तिचा वर्ग २५६, उणे दोन, २५४. आणि २५४ म्हणजे १२७ ची दुप्पट. बाकी शून्य. पाच वर्गांत १२७ मूळ असल्याचे सिद्ध झाले. घरी गेल्यावर कागदावर करून पाहा.

आपल्या संख्येसाठी हेच पाच ऐवजी १२५ वेळा करायचे, आणि दर वेळी एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग करून त्याला एकोणचाळीस अंकी संख्येने भागायचे. इथेही घडण मदतीला येते. द्विमान पद्धतीत आपली संख्या म्हणजे ओळीने १२७ एकडे. तिने भागण्यासाठी भागाकार लागतच नाही: वर्गाचे खालचे १२७ अंक घ्या, त्यावरचा भाग कापून त्यातच मिळवा, की बाकी तयार. लुकासने ही आकडेमोड बुद्धिबळाच्या पटासारख्या १२७ गुणिले १२७ चौकटींच्या पटावर प्याद्यांनी करण्याची रीत सांगितली. एका चौकटीत प्यादे आहे किंवा नाही, बस्स. पुढे पाऊणशे वर्षांनी यंत्रांनी जे केले, तेच हाताने करण्याची ही तयारी होती.

याच कसोटीने लुकासने मर्सेनच्या यादीतला ६७ खोडून काढला. तिथे शेवटी शून्य आले नाही, म्हणजे दोनाचा ६७ वा घात उणे एक ही संख्या मूळ नाही. पण तिचे अवयव कोणते, ते कसोटी सांगत नव्हती. ते १९०३ साली फ्रँक नेल्सन कोल यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत दाखवले: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. सांगतात की कोल यांनी फळ्यावर एका बाजूला घात काढला, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला आणि एक शब्दही न बोलता ते जागेवर बसले. ही हकीकत मी सांगतो ती एका कारणाने. संयुक्त आहे हे कळणे आणि अवयव सापडणे, यांत सत्तावीस वर्षे गेली. पहिली गोष्ट शेजाऱ्याकडून कळली. दुसरीसाठी संख्येच्या आत उतरावे लागले. आजही हे अंतर बुजलेले नाही. बँकेच्या व्यवहारांना संरक्षण देणारी आरएसए पद्धत याच अंतरावर उभी आहे: मोठ्या संख्या मूळ आहेत की नाही हे लवकर ठरवता येते, पण दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार तितक्या लवकर फोडण्याची रीत ठाऊक नाही.

आपली संख्या पंचाहत्तर वर्षे ज्ञात मूळ संख्यांमध्ये सर्वांत मोठी राहिली. १९५१ मध्ये फ्रान्समध्ये एमे फेरिए यांनी टेबलावरच्या यांत्रिक गणकाने चव्वेचाळीस अंकी मूळ संख्या शोधली: दोनाचा १४८ वा घात अधिक एक, भागिले सतरा. त्याच वर्षी केंब्रिजला मिलर आणि व्हीलर यांनी एडसॅक संगणकावर एकोणऐंशी अंकी संख्या मिळवली. तिची घडण पाहण्यासारखी आहे: आपल्या संख्येचा वर्ग गुणिले १८०, अधिक एक. म्हणजे तिचा खालचा शेजारी १८० आणि आपल्या संख्येचा वर्ग, याखेरीज काही नाही, आणि आपली संख्या मूळ असल्याचे आधीच ठाऊक आहे. जी स्वतः शेजाऱ्याच्या साक्षीने मूळ ठरली, तिनेच दुसरीच्या शेजारी बसून साक्ष दिली. मला हा प्रसंग फार प्रिय आहे. पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी १९५२ ला, राफेल रॉबिन्सन यांची आज्ञावली लॉस एंजेलिसच्या स्वॅक संगणकावर चालली आणि दोनाच्या ५२१ व्या व ६०७ व्या घातांतून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या एकाच दिवशी हाती लागल्या. कसोटी लुकासचीच होती, १९३० च्या दशकात डी. एच. लेमर यांनी सुटसुटीत केलेली; सुरुवात तिनाऐवजी चारापासून.

तेव्हापासूनचे बहुतेक विक्रम याच कुळातल्या संख्यांचे आहेत. १९९६ पासून जगभरचे हौशी लोक आपापले संगणक जोडून त्या शोधतात. ११ ऑक्टोबर २०२४ ला डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स प्रोसेसरने एक संख्या बहुधा मूळ असल्याचे कळवले, आणि दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या यंत्राने लुकास-लेमर कसोटीने ती पक्की केली. ती दोनाचा १३६२७९८४१ वा घात उणे एक; अंक ४ कोटी १० लाख २४ हजार ३२०. शोध ल्यूक ड्युरंट यांचा. एवढी मोठी संख्या तपासता येते याचे कारण यंत्रांचा वेग तर आहेच, पण त्याआधीचे कारण तिचा वरचा शेजारी निव्वळ दोनांचा आहे, हे आहे. तितक्याच अंकांची एखादी सर्वसाधारण संख्या कोणी समोर ठेवली, तर ती मूळ असल्याचे आज कोणीही सिद्ध करू शकणार नाही.

मग ज्या संख्यांना असा उघडा शेजारी नाही, त्यांचे काय? या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर भारतातून आले. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी अशी रीत दिली, जी कोणत्याही संख्येला लागू पडते, कुठलीही शंका मागे ठेवत नाही, आणि जिचा वेळ संख्येच्या अंकांच्या प्रमाणात आटोक्यात वाढतो. नशिबावर वा एखाद्या असिद्ध गृहीतकावर ती अवलंबून नाही. शतकानुशतके हवे असलेले हे उत्तर काही पानांत मावले आणि ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ने ते २००४ मध्ये छापले. प्रत्यक्ष विक्रमी संख्यांसाठी ती रीत फार सावकाश आहे. तिथे लुकासचीच कसोटी वापरतात. पण शेजारी पाहिजेच असे नाही, हे तिने कायमचे सिद्ध केले, आणि ते काम कानपूरच्या एका खोलीत दोन तरुण विद्यार्थ्यांच्या साथीने झाले, याचा अभिमान मला उघडपणे वाटतो.

आपल्या संख्येचे दोन गुण घाईने सांगतो. युक्लिडच्या नियमाने, तिला दोनाच्या १२६ व्या घाताने गुणले की ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते: ६ किंवा २८ प्रमाणे स्वतःखेरीजच्या सगळ्या विभाजकांची बेरीज तीच. दुसरा गुण व्यवहाराचा. तिने भागून बाकी काढायला भागाकार लागत नाही हे आपण पाहिले. त्याच सोयीसाठी २०१५ मध्ये क्रेग कॉस्टेलो आणि पॅट्रिक लाँगा यांनी गुप्तलेखनाचा ‘फोर-क्यू’ हा वक्र आपल्या संख्येवर उभारला.

शेवटचा प्रश्न लुकासच्या समकालीन युजेन कातालान यांचा, त्याच १८७६ सालचा. दोनापासून सुरुवात करा. दोनाचा दुसरा घात उणे एक: ३. दोनाचा तिसरा घात उणे एक: ७. सातवा घात उणे एक: १२७. एकशे सत्ताविसावा घात उणे एक: आपली संख्या. पाचही मूळ. मग दोनाचा आपल्या संख्येइतका घात उणे एक, हीही मूळ आहे का?

त्या संख्येत जवळजवळ ५१२ च्या पुढे पस्तीस शून्ये इतके अंक आहेत. तिचाही वरचा शेजारी निव्वळ दोनांचा आहे, म्हणून तिची कसोटी आपल्याला तयार मिळते: चारापासून सुरुवात, वर्ग, उणे दोन, बाकी. पण ती आपल्या संख्येपेक्षा दोनच कमी इतक्या वेळा करावी लागेल, आणि ती बाकी लिहायला जागा जगात नाही. आता उरते फक्त अवयव शोधणे. तिचा कोणताही मूळ अवयव आपल्या संख्येच्या सम पटीपेक्षा एकाने जास्त असला पाहिजे. पहिला उमेदवार आपल्या संख्येची दुप्पट अधिक एक. तो म्हणजे दोनाचा १२८ वा घात उणे एक, आणि त्याला तिनानेच भाग जातो, म्हणून तो बाद. पुढचे उमेदवार संगणक एकामागून एक तपासत आहेत. अजून एकही अवयव सापडलेला नाही.